मुराळ्याची सायकल

चाकाचा शोध कुणी लावला ते मला माहीत नाही, पण लावल्यावर त्या चाकात हवा आहे की नाही हे बघायला जर कुणाला पृथ्वीवर धाडलं असेल, तर ते माझ्या दाजींना. माणसाच्या तोंडाकडे बघून बोलावं ही रीत दाजींना ठाऊक आहे, पण तिची पाळी नंतर येते. आधी वाकून चाक बघायचं, अंगठ्यानं टायर दाबायचा आणि मग मान वर करून म्हणायचं, "हवा कमी हाय." मी नवी मोटारसायकल घेतली आणि नळदुर्गहून अणदूरला ताईकडे पेढे घेऊन गेलो, तेव्हा पेढ्याला हात लावायच्या आधी दाजींनी दोन्ही टायर दाबले आणि मला तसंच हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे पिटाळलं. थोरल्या भाचीसाठी मुलाचं घर बघायला गेलो, तर बाकीची मंडळी शेत, विहीर, माणसं बघत होती आणि दाजी गोठ्यामागं ट्रॅक्टरच्या टायरपाशी उकिडवे बसले होते. परत येताना म्हणाले, "टायर सगळीकडनं सारखं झिजलंय. घर सरळ हाय." सोयरीक जमली, पोरगी सुखात नांदते आहे, त्यामुळे या शास्त्राविरुद्ध आमच्यात कुणाला ब्रसुद्धा काढता येत नाही.

अशा माणसानं साठी उलटल्यावर स्वतःसाठी लांब पल्ल्याची सायकल घ्यायचं मनावर घेतलं, आणि ताईच्या घरातली शांतता वर्षभरासाठी संपली. कारण मात्र साधं होतं. दाजींच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्कांना, सास्तूरला दिलेलं. पंचमीला सासुरवाशिणीला माहेरी आणायला मुराळी जातो, तसे दाजी मिसरूड फुटायच्या आधीपासून आक्कांचे मुराळी. काळी दणकट सायकल, मागं कॅरिअरवर आक्का, त्यांच्या मांडीवर शिदोरीचा डबा, असे दोघं अणदूरला यायचे. एका पंचमीनंतर ती सायकल आक्कांकडेच राहिली आणि त्याच वर्षी भूकंपात घरासकट ढिगाऱ्याखाली गेली. माणसं वाचली, या आनंदात सायकलीचं दुःख करायला कुणाला सवड झाली नाही. पुढं आक्का जीपमधून येऊ लागल्या, मग एसटीनं, मग दाजींच्या पोराच्या कारमधून. गेल्या दिवाळीत त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कारीतनं येती, पर म्हायेर कवा आलं ते कळतच न्हाय बघ. काचा बंद, आत गाणी. एकदा सायकलीवर ने की मला. गुडघं चालत्यात तवर. फुडल्या वर्षीचं काय सांगावं?" दाजींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून चाकं बघायला लागले.

सोलापुरात एका मोठ्या दुकानात मी त्यांना घेऊन गेलो. दुकानदारानं उत्साहानं विचारलं, "काका, टूर कुठली? लडाख?" दाजी म्हणाले, "सास्तूर." त्यानं जरा सावरून विचारलं, "सामान किती?" दाजी म्हणाले, "बहीण." त्यानं हातातलं लडाखचं पत्रक हळूच खणात ठेवलं.

पहिल्यांदा दाजींचं मत मोठ्या चाकाला पडलं. "बैलगाडीचं चाक मोठं का आसतं, पाव्हणं? खड्ड्यात पडत न्हाय त्ये, खड्ड्यावरनं जातं." एकोणतीस इंची चाक नक्की झालं, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आठवड्याभरात दाजींना आक्कांचे गुडघे आठवले. चाक मोठं म्हणजे कॅरिअर उंच, आणि उंच कॅरिअरवर आक्का चढणार कशा? मग सव्वीस इंची. धाकटं चाक ओझ्याला चिवट, शिवाय त्याची ट्यूब कुठल्याही गावात मिळते, असं त्यांनी मला जेवताना, शेतात आणि एकदा कुणाच्या तरी बाराव्याला कुजबुजत समजावून सांगितलं. चाक ठरलं तर टायर अडला. बारीक टायर हायवेला पळतो, पण लोहाऱ्याकडच्या खडीवर माणसाचे मणके मोकळे करतो. रुंद टायर खडी गिळतो, पण समोरून वारा आला की ओढवत नाही. खोल नक्षीचा घ्यावा तर श्रावणात काळी माती त्यात अशी बसते की चाक फिरायचंच थांबतं. बाभळीच्या काट्यांची परीक्षा तर अंगणातच झाली. दाजींनी काटे पसरून त्यावरून एकेक टायर फिरवला. टायर पास झाले, काटे मात्र ताईच्या पायात गेले. पाय धरून ओसरीवर बसलेली ताई मला म्हणाली, "मला बघाय आले तवा निस्ता च्या पिऊन व्हय म्हनले. आन सायकलीला वरीसभर बघत्यात!"

अखेर सव्वीस इंची चाकं आणि मध्यम रुंदीचे, उथळ नक्षीचे टायर असलेली सायकल घरी आली. आता ओझ्याची चाचणी. त्यासाठी आक्कांचं वजन हवं, आणि ते थोरल्या बहिणीला विचारायची दाजींची छाती नव्हती. त्यांनी ते आवाजावरून काढलं. आक्का फोनवर बोलल्या की शेजारच्या घरात ऐकू जातं, ही गोष्ट पूर्वीही होती आणि आजही आहे. म्हणजे आक्का होत्या तेवढ्याच आहेत असा त्यांचा हिशेब. त्या हिशेबानं सोयाबीनचं पोतं गच्च भरलं आणि कॅरिअरवर बांधलं. पदर चाकात जातो का तेही बघावं म्हणून पोत्याला ताईची साडी नेसवली. ही वरात गावातून निघाली तेव्हा पारावरून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, वैनीला कुठं नेताय? आन वैनी आज गप कशा?" वळणावर पदर खरोखरच चाकात गेला, पोतं कलंडलं आणि अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन झालं. दाजी खूश. चूक आधीच सापडली म्हणून त्यांनी त्या देखण्या सायकलीला लोखंडी जाळीचा साडीगार्ड ठोकून घेतला. आक्का जन्मभर काष्ट्याचं लुगडं नेसतात, त्याचा पदर खोचलेला असतो, हे ताईनं त्यांना साडीगार्ड बसल्यावर सांगितलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी दाजी निघाले. ताईच्या हुकमावरून मी मोटारसायकलवर मागं. पोत्याखाली मागचा टायर जरा दबला होता, म्हणून दाजींनी त्यात दगडासारखी टणक हवा भरली होती. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या सास्तूरच्या सरळ रुंद रस्त्यावरून ते घंटी वाजवत गेले, तेव्हा आक्का पायरीवर नवं लुगडं नेसून, मांडीवर डबा घेऊन तयारच होत्या. "किती येळ रं मुराळ्या!" हा आवाज आम्हाला अर्ध्या गल्लीतूनच ऐकू आला. पायरीचा आधार घेऊन, सुनेचा हात धरून त्या कॅरिअरवर बसल्या.

दाजींनी सवयीनं वाकून टायर बघितला, अंगठ्यानं दाबला. मग पुन्हा दाबला. "आक्का, पाय टेकवलाय का खाली?"

"न्हाय की रं. बसलीया नीट. चल."

टायर जराही दबला नव्हता. दाजी तसेच वाकून राहिले, मग मान वर करून त्यांनी आक्कांच्या तोंडाकडे बघितलं. इतका वेळ कुणाच्या तोंडाकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लुगड्याच्या आत आक्का किती उरल्यात हे मलाही तेव्हाच दिसलं. दाजी चाकापाशी उकिडवे बसले, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि नख लावून हवा सोडायला लागले. जिल्हाभर हवा भरायला लावत फिरणारा हा माणूस, टायर अंगठ्याला मऊ लागेपर्यंत हवा सोडत होता. "लई टणक झालं व्हतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिला धक्कं बसलं आसतं."

मग मात्र मजा झाली. "कडंनं घे! म्हशीला जाऊ दी! त्यो ट्रक बघ!" असा आक्कांचा कारभार मागून सुरू होता, आणि वाटेत भेटेल त्याला त्या आपण माहेरी चाललोय हे न विचारता सांगत होत्या. हायवेला लागलो तेव्हा पंक्चरवाला दुकानाबाहेर आला. दाजींचे बोल त्यानं आजवर इतके ऐकले होते की अशी संधी तो सोडणं शक्यच नव्हतं. "अण्णा!" तो हर्षानं ओरडला. "मागं हवा कमी हाय!"

"म्हाईत हाय," दाजी म्हणाले आणि थांबले नाहीत.

मऊ टायर ओढताना त्यांना चांगलाच दम लागला होता, पाठ घामानं भिजली होती. आक्कांनी ते बघितलं असावं. "का रं," त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला, "म्या जड हुतीया व्हय?"

"लई," दाजी धापा टाकत म्हणाले. "व्हतीस तेवढीच हायस."

आक्का खूश होऊन हसल्या आणि त्यांनी मांडीवरचा डबा नीट धरला.