न मारलेली हाक

पहाटे चारला आमच्या पाड्यातल्या प्रिस्किलाचा दिवस सुरू व्हायचा. अंधारात टेकडी उतरून ती नवापूरच्या अलीकडच्या पोल्ट्रीवर जायची. अंडी गोळा करायची, पाण्याच्या नळ्या धुवायच्या, मेलेल्या कोंबड्या बाजूला काढायच्या. नऊला सुटली की अंघोळ, तीही दोनदा, कारण तो वास एका साबणाने जात नाही. मग समाजकार्याचं कॉलेज. मी रेल्वेत गँगमन होतो. माणूस काम करतोय की केल्यासारखं दाखवतोय, हे मला लांबून कळतं. प्रिस्किला काम करायची.

शेवटच्या वर्षाला तिला एक अभ्यास करून द्यायचा होता. तिने विषय घेतला, सीमेवरच्या गावांतली मुलं गुन्ह्यात का सापडतात आणि ते थांबवायचं कसं. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या पाड्यामागची टेकडी ओलांडली की गुजरात, आणि तिकडे दारूबंदी. बाटल्या घेऊन मोठा माणूस निघाला तर नाक्यावर अडतो. पाठीवर दप्तर असलेलं पोरगं पायवाटेने निघून जातं. ते धरलं गेलं तरी त्याला मोठ्यांसारखी शिक्षा नाही, हे बाटल्यावाल्यांना पक्कं ठाऊक.

आमच्या पाड्यातला योहान असाच धरला गेला. वय चौदा. आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरात फक्त आजी, मंगळीबाई. बाल न्याय मंडळाने समज देऊन पोराला आजीच्या ताब्यात दिलं आणि पुन्हा सापडला तर निरीक्षणगृहात जावं लागेल, असं सांगितलं. त्यात जानेवारीत तिकडे उत्तरायण. पतंगाच्या सणाला बाटलीची मागणी वाढते. बाटल्यावाला योहानला न्यायला परत येणार, हे सगळा पाडा जाणून होता. त्याच्या आत प्रिस्किलाला हे पोरगं धरून ठेवायचं होतं.

डिसेंबरात ती छापील प्रश्न घेऊन मंगळीबाईच्या दारात गेली. मी शेजारीच माझ्या ओट्यावर दोरी वळत होतो.

"आजी, योहानला थोडं विचारायचंय. तो गुन्हेगार नाही बरं का. कायद्यात त्याला विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात."

मंगळीबाईने तंबाखू थुंकली. "नाव लांब केलं म्हणजे पोलीस दारातून परत जातात का?"

योहान हसला. त्या दिवशी त्याने खरं दिलं ते तेवढं हसूच. पैशासाठी केलंस? हो. घरात खायला कमी पडतं? हो. संगत वाईट होती? हो. प्रिस्किला चिडून माझ्याकडे आली. "काका, वारा सुटला म्हणून केलंस का विचारलं असतं, तरी हो म्हणाला असता!"

तिच्या कॉलेजच्या कामिनी मॅडम शहाण्या बाई. त्या म्हणाल्या, "प्रश्न घरी ठेव. तो जे काम करतोय ते त्याच्याबरोबर कर. मग तो बोलेल."

त्याच आठवड्यात मावठाचा पाऊस झाला आणि मंगळीबाईच्या घराच्या छपराची एक बाजू खचली. योहान एकटाच कौलं वेचून रचत होता. प्रिस्किला त्याच्या शेजारी बसली आणि फुटकी एकीकडे, चांगली दुसरीकडे लावू लागली.

"एकटाच चढवणार?" तिने विचारलं.

"मग कोण येणार?"

"हाक मार की."

आमच्याकडे घर बांधायचं, कौलं फेरून नव्याने लावायची, भात कापायचा तर मजूर लावत नाहीत. आदल्या दिवशी घरचा माणूस दारोदार जाऊन हाक मारतो. प्रत्येक घरातून एक जण येतो. रोकडा नाही, फक्त ज्याचं काम त्याच्याकडे जेवण. उद्या त्यांची हाक आली की आपण जायचं. सातपुड्यात याला लाह म्हणतात.

योहान म्हणाला, "आम्हाला कोण मारतं हाक? उन्हाळ्यात तुमची कौलं फेरली. तूच फिरलीस ना ताई? दानियलकाकाच्या दारात थांबलीस. आमच्या दारावरून पुढे गेलीस. मी ओट्यावरच होतो."

प्रिस्किलाच्या हातातलं कौल हातातच राहिलं. ती पुढे गेली होती हे खरं. म्हातारीकडे पाठवायला माणूस नाही, हाक मारून तिला कशाला लाजवायचं, म्हणून. असंच सगळे करायचे. आम्ही त्याला माया समजायचो.

"घरात माणूस नाही म्हणता, मी काय लहान आहे?" योहान म्हणाला. "'ए योहान, काम शे' असं नाव घेऊन बोलावलं ते त्या बाटल्यावाल्यानेच."

प्रिस्किला उठली ती पळतच सुटली. उतारावर तिची एक चप्पल मागे राहिली, तरी थांबली नाही. नेटवर्क फक्त वडाच्या झाडाखाली मिळतं. तिथून तिचा आवाज माझ्या ओट्यापर्यंत आला.

"मॅडम, सापडलं! सापडलं!"

पण एका पोराच्या बोलण्यावर अभ्यास होत नाही, हे मॅडमनी सांगितलं आणि तिला पटलं. मग ती आजूबाजूच्या पाड्यांवर चालत फिरली. पोल्ट्री, कॉलेज आणि उरलेला सगळा वेळ पायवाट. धरल्या गेलेल्या प्रत्येक पोराकडे तिने एकच विचारलं, "तुमच्या घराला हाक येते का?" एक पोरगं मोबाइलसाठी गेलं होतं. एकाचा बापच त्या धंद्यात होता. बाकी सगळी हाक न येणाऱ्या घरांतली. गरीब तर हाक येणारी घरंही होती, पण तिथली पोरं गेली नव्हती. रोज संध्याकाळी ती मला येऊन सांगायची, आणि सांगताना तिला बसवत नसे.

कामिनी मॅडम फोनवर म्हणाल्या, "अर्धं झालं. थांबवायचं कसं?"

उत्तर तिच्याकडे तयार होतं. उत्तरायणाच्या आधीच्या शनिवारी मंगळीबाईच्या घराची हाक, आणि ती मारायची योहानने.

मंगळीबाई नाही म्हणाली. "लोकांना जेवायला काय घालू? कौलं?"

"जेवण मी आणते."

"तुझं जेवण, तर हाकही तुझीच झाली."

"उसनं समजा, आजी. आमच्या भातकापणीला योहान येईल. मी हाक मारीन."

म्हातारीने कोपऱ्यातली पळसाची पानं पुढे ओढली. मग म्हणाली, "पत्रावळ्या मी लावते."

प्रिस्किलाने पोल्ट्रीच्या मजुरीतून जुनी स्कूटी घ्यायची म्हणून पैसे साठवले होते. पहाटेच्या त्या वाटेवर बिबट्या फिरतो, म्हणून. ते घेऊन ती नवापूरला पुखराजशेठच्या दुकानात गेली. पोती उचलायला मी बरोबर होतो.

"एवढा तांदूळ?" पुखराजशेठ म्हणाले. "लग्न ठरलं आणि आम्हाला पत्रिका नाही?"

"लग्नच आहे. मंगळीबाईच्या घराचं. डोक्यावर कौलं चढणार."

आतून त्यांची बायको इचरजबाई बाहेर आली. "घराचं लग्न? मग आहेर नको का?" तिने गुळाची एक भेली पोत्यावर ठेवली.

"दुकान माझं आणि आहेर हिचा," शेठ कुरकुरले, पण भेली परत घेतली नाही.

शुक्रवारी उजेड असतानाच योहान निघाला. पहिलं घर दानियलचं. दानियलची जीभ कोयत्यासारखी.

"काय रे, बाटल्या विकायला आलास का?"

योहान मागे फिरला. प्रिस्किला माझ्या ओट्यावरून बघत होती. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. चार पावलांवर पोरगं थांबलं. परत दानियलसमोर जाऊन उभं राहिलं.

"उद्या आमची कौलं आहेत. या."

दानियलने त्याला खालून वर पाहिलं. "शिडी आहे का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग मी आणतो. पुढच्या घरी जा, उभा काय राहिलास?"

शनिवारी प्रिस्किला पोल्ट्रीवरून लवकर सुटून तशीच आली, अंघोळ न करता. अंगणात मी, म्हातारी आणि पोरगं. सूर्य टेकडीवर आला. कोणी नाही. योहान उगाच तीच कौलं इकडची तिकडे रचत होता. तेवढ्यात वळणावर शिडीचं टोक दिसलं. शिडीमागे दानियल, आणि त्याच्यामागे प्रत्येक घरातून एक माणूस! प्रिस्किला लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत सुटली.

योहान वर चढला. पहिली ओळ त्याने वाकडी लावली. मी सगळी काढायला लावली. तोंड वाकडं केलं, पण काढली. दुसऱ्यांदा सरळ आली.

उन्हं तापली तेव्हा खाली मोटारसायकलचा हॉर्न वाजला. बाटल्यावाला.

"ए योहान! काय करी ऱ्हायना तू वर? चाल, काम शे!"

सगळे हात थांबले. दानियलने तोंड उघडलं, पण प्रिस्किलाने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. उत्तर योहाननेच द्यायचं होतं.

"आज आमच्याकडे हाक आहे," तो वरून म्हणाला.

"मंग उद्या?"

"उद्या चर्च."

"मंग सोमवारी?"

योहान अडखळला. मग म्हणाला, "सोमवारी दानियलकाकाचा गोठा आहे."

दानियलला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. त्याने वर पाहिलं, मान खाजवली आणि मोठ्याने म्हणाला, "आहेच मुळी! आणि तू पण ये रे, शेण काढायला माणूस कमी पडतोय!"

अंगण हसलं, छप्पर हसलं. मोटारसायकल वळली आणि निघून गेली. सोमवारी दानियलने खरोखर गोठ्याचं काम काढलं. उत्तरायण आलं आणि गेलं. योहान पाड्यातच होता.

प्रिस्किलाचा अभ्यास पास झाला. अजून ती पहाटे चारला काठी आपटत चालतच पोल्ट्रीवर जाते. स्कूटी आली नाही.

त्या शनिवारी दुपारी पंगत बसली. पोरं आमच्याकडे वेगळी, झाडाखाली जेवतात. सवयीने योहान तिकडे निघाला. मंगळीबाई ओरडली, "तिकडे कुठे? काम केलेली माणसं इकडे बसतात!" तो दानियल आणि माझ्यामध्ये मांडी घालून बसला. म्हातारीने त्याच्यापुढे पळसाची पत्रावळ ठेवली. प्रिस्किलाने पहाटे पहाटे कमावलेला भात त्यावर वाढला, डाळ वाढली, कोंबडीचा रस्सा वाढला. त्याने तीनदा मागून घेतलं.