परत न आलेलं तपेलं

जर्नल बावीस प्रात्यक्षिकांचं होतं आणि सगळं हातानं लिहायचं होतं. कॉम्प्युटरवर केलेलं काम कागदावर उतरवायचं. उजव्या रेघी पानावर निळ्या पेनानं क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला विचारलेला प्रश्न, डाव्या कोऱ्या पानावर पट्टी धरून पेन्सिलीनं आखलेल्या चौकटी आणि त्या चौकटींत कॉम्प्युटरनं दिलेलं उत्तर. प्रिंट चालत नव्हती. का चालत नाही, असं संयोगितानं एकदा विचारलं होतं.

"नियम आहे, मॅडम," वसीम सर म्हणाले. सर अठ्ठावीस वर्षांचे, तासिका तत्त्वावरचे. त्यांनाही नियमाचं काही सोयरसुतक दिसत नव्हतं. पण जर्नलवर त्यांची सही नसेल तर परीक्षेला बसता येत नव्हतं, आणि संयोगिताला ह्या खेपेला बसायचंच होतं.

ती एक्केचाळीस वर्षांची. नवरा जयराज फौजेत सुभेदार, सध्या पठाणकोटला. ती कुंडलमध्ये सासूजवळ राहायची आणि सहा वर्षं गावच्या हायस्कूलच्या ऑफिसात कंत्राटावर पोरांची नावं नि जन्मतारखा कॉम्प्युटरवर भरायची. जूनमध्ये तिथले क्लार्क निवृत्त होणार होते. हेडमास्तर म्हणाले होते, "पदवी असती तर तुमचंच नाव पुढं केलं असतं." पदवीत आता एकच विषय अडला होता, डेटाबेस. दोनदा गेला होता. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलणार, म्हणजे हा विषयच राहणार नाही. मग सगळं वर्ष पुन्हा.

म्हणून दर शनिवारी सकाळची शाळा करून ती एसटीनं सांगली गाठायची. प्रयोगशाळेत वीस कॉम्प्युटर, त्यातले अकरा चालू. एका खुर्चीवर ती, शेजारी उभी राहून मोबाईल बघणारी एखादी पोरगी. सगळे तिला काकू म्हणत आणि काकू काही विचारायला लागली की सगळ्यांना एकदम कामं निघत.

सरांनी सांगितलं होतं, गाईडमधली लायब्ररीची कोष्टकं नकोत, आपापली तयार करा. बाकीच्यांनी लायब्ररीच घेतली आणि पुस्तकांची नावं बदलली. संयोगितानं घरातली भांडी घेतली. तिची सासू भामाबाई हिच्याकडे पराती, तपेली, पातेली मिळून सव्वीस मोठी भांडी होती आणि गल्लीतल्या कुठल्याही बारशाला, सुपारीला भांडी तिथूनच जायची. एका कोष्टकात भांडी: नंबर, माप, भांड्यावर घातलेलं नाव. दुसऱ्यात कोणी नेलं, कधी नेलं, कधी परत आलं. माहिती सांगायला भामाबाई. तिनं चूल सारवता सारवता सव्वीसच्या सव्वीस भांड्यांचा जन्म सांगितला.

नववं प्रात्यक्षिक होतं, परत न आलेली भांडी शोधा. त्यानं तिचा जीव खाल्ला. परत आल्याची तारीख रिकामी आहे असं एक तपेलं तिला डोळ्यांनी दिसत होतं, पण क्वेरी चालवली की कॉम्प्युटर म्हणायचा, काही नाही. तीन शनिवार गेले. शेवटी कळलं, रिकामा रकाना बरोबरच्या चिन्हानं शोधता येत नाही, 'इज नल' असं लिहावं लागतं. गाईडमध्ये चूक छापली होती. दोन वर्षं ती चूक पाठ करूनच ती नापास होत होती की काय, ह्या विचारानं तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

"एवढ्यापायी तीन डाव सांगलीला गेलीस व्हय?" भामाबाई म्हणाली. "मला इचारायचं. सात नंबरचं तपेलं, अंकिताच्या आईकडं हाय. पूजेला नेलंय, आणतील."

उत्तर तेच आलं होतं. इंग्रजी अक्षरांत, पेन्सिलीच्या चौकटीत: तपेलं, सात, अंकिताची आई.

अंकिता म्हणजे पलीकडच्या घरातली पोर, संयोगिताच्याच शनिवारच्या बॅचला. सह्यांच्या आधीच्या बुधवारी संयोगिता शाळेतून आली तर फळीवर जर्नल नव्हतं.

"अंकी घिऊन गेली," भामाबाई म्हणाली. "एक रात बघती म्हणाली."

"आत्याबाई, आवं ते काय पातेलं हाय का द्यायला?"

"दारात आलेल्याला न्हाई म्हणायचं व्हय? खाणार हाय का ती तुझी वही?"

जर्नल दुसऱ्या दिवशी आलं. वर वाटीभर शेंगदाण्याची चटणी. ह्या गल्लीत उसनं नेलेलं काही रिकाम्या हातानं परत करत नाहीत. भांड्यात चार पुऱ्या, मूठभर पोहे, निदान साखर तरी असतेच. चटणीचं तेल नवव्या प्रात्यक्षिकाच्या पानावर उतरलं होतं. संयोगितानं पीठ चोळून पाहिलं. डाग गेला नाही.

शनिवारी सर टेबलावर जर्नलांचा ढीग घेऊन बसले होते. एकेक उघडायचे, चार पानं चाळायचे, सही करायचे. संयोगिताचं उघडलं आणि थांबले. ढिगातून आणखी एक काढलं. दोन्ही शेजारी ठेवली.

"ही दोन सारखीच आहेत," सर म्हणाले. "एकूण एक ओळ."

अंकिताचं जर्नल स्वच्छ होतं. मथळे जांभळ्या स्केचपेननं, पानाला नक्षी. संयोगिताच्या पानावर तेल, दोन ठिकाणी खोडलेलं. सरांनी दोन्हींकडे पाहिलं आणि मग संयोगिताकडे पाहिलं.

"मॅडम, तुमच्याकडनं अपेक्षा नव्हती."

"सर, ते माझं आहे. माझ्या घरातली भांडी आहेत ती."

"भांडी काय, सगळ्यांच्याच घरात असतात." मागं कोणीतरी हसलं. सरांनी कपाळ चोळलं. "हे बघा, मला वाद नकोय. दोघींनी सोमवारपर्यंत नवीन लिहून आणा. वेगळी कोष्टकं. दोघींना सही देतो. मंगळवारी परीक्षा."

अंकितानं लगेच मान हलवली. तिच्या घरी लिहायला बहीण होती, मैत्रिणी होत्या. संयोगिताला जर्नल पुरं करायला दोन महिने लागले होते. भाकरी थापून झाल्यावर, शाळेचे तक्ते भरून झाल्यावर, रोज दीड पान. सोमवारी शाळेत तपासणी होती. दीड दिवसात बावीस प्रात्यक्षिकं तिच्या हातून होणार नव्हती, हे तिला तिथं उभ्या उभ्याच कळलं.

अंकितानं तिची ओढणी हळूच ओढली. "काकू, जाऊ दे की. लिहू या."

"तुला लिहायला काय," संयोगिता म्हणाली. तिनं अंकिताचं जर्नल ओढून घेतलं आणि नववं प्रात्यक्षिक काढलं. "सर, हे वाचा. परत न आलेली भांडी. कोणी नेलंय?"

सरांनी वाचलं. "अंकिताची आई."

"आणि हे जर्नल कुणाचं?"

सरांनी वरचं नाव पाहिलं. "अंकिताचं."

"आपल्याच घरातलं तपेलं आपल्याच आईनं उसनं नेलंय, आणि परत केलेलं नाही. असं लिहिलंय हिनं. जांभळ्या पेननं."

सगळी बॅच हसली. सरही हसले, आणि हसत हसतच त्यांनी संयोगिताच्या जर्नलवर पानोपानी सह्या केल्या. बावीस. अंकिताचं जर्नल त्यांनी बाजूला सरकवलं. "सोमवारी. नवीन."

परतीच्या एसटीत अंकिता दोन बाकं पुढं बसली होती. पलूसला गाडी थांबली तेव्हा ती मागं वळली.

"तुमी गप बसला असता तर दोघींचंबी झालं असतं, काकू. माझ्या आईचं नाव घेऊन हसू करायची गरज न्हवती."

"नाव तूच लिहिलंयस," संयोगिता म्हणाली. पण गाडी चालू झाली होती आणि पोरीनं तोंड फिरवलं होतं.

रविवारी चारच्या सुमारास अंकिताची आई आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. पायरीवर तपेलं ठेवलं.

"तुमचं तपेलं," म्हणाली, आणि गेली.

भामाबाईनं झाकण काढलं. तपेलं घासून लख्ख केलेलं होतं. आत काही नव्हतं. तिनं हात घालून तळ चाचपला, जणू डोळ्यांवर भरवसा नव्हता.

"माझ्या दारात रिकामं भांडं कवा आलं न्हवतं," ती म्हणाली.

"मग मी काय करायला पायजे हुतं, आत्याबाई? सांगा तुमी. वही तुमी दिलीसा."

"वही दिली. अब्रू न्हवती दिली कुणाची."

"आणि माझी? सगळ्यांदेखत मला चोर ठरवलं, ती?"

भामाबाईनं तपेलं उचलून फळीवर पालथं घातलं. मग पदराला हात पुसत विचारलं, "पेपर कवा हाय?"

"मंगळवारी."

"मग दे नीट. एवढं करून नापास झालीस तर त्यांच्या दारावरनं जायाचं कसं मी?"

संयोगितानं उजळणीला जर्नल उघडलं. नववं पान तेलानं पारदर्शक झालं होतं, मागच्या पानावरच्या ओळी त्यातून दिसत होत्या. चौकटीत परत आल्याच्या तारखेचा शेवटचा रकाना रिकामाच होता. तिनं पेन्सिल घेतली, आजची तारीख भरावी म्हणून. पण खाली सरांची सही होती, आणि सही झालेल्या पानावर खाडाखोड चालत नव्हती.