झाकलेलं दार
परवा इथे गावच्या घरी सुतार आला आणि लाकडाच्या भुशाच्या वासाने मला दुबईतल्या अल क्वोजमधला फ्रेमवाला आठवला. तुम्हा जुळ्यांच्या जन्मासाठी मी दोन महिने म्हणून तिकडे आले होते, त्याचे अकरा झाले होते. पस्तिसाव्या मजल्यावरची खिडकी चार बोटांपलीकडे उघडत नसे आणि परत जायचंय हे मला सांगवत नव्हतं. मला कॉलेजात बक्षीस मिळालेली, दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी जलरंगचित्राची छापील प्रत तुमच्या बाबाने फ्रेमला दिली होती: खेड्यातलं घर, शेकोटीशी म्हातारी, उजवीकडे अर्धवट उघडं दार. आणायला गेलो, तर दार माउंटखाली, चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीखाली, गेलेलं. "कडेला डाग होता आजी, म्हणून झाकलं," चिपळूणचा कारागीर म्हणाला. "आई, नीट दिसतंय की. चल, यल्ला," बाबा म्हणाला. मी म्हटलं, "डाग दिसू दे, पण तिला बाहेर पडायला दार हवं." कारागिराने कटर उचलला. "आजी, गावाला जाऊन किती दिवस झाले?" गाडीत बसल्यावर बाबा म्हणाला, "तिकीट कधीचं काढू?" निघताना चित्र मी तुमच्याकडेच ठेवलं. दाराजवळचा तो तपकिरी डाग कुणी झाकू म्हणालं, तर झाकू देऊ नका.