हरिहरकाका आणि नीलांबरीच्या सतरा पिढ्या

हरिहरकाकांनी आयुष्यात रेसकोर्स पाहिलेलं नाही. पैशाची पैज सोडाच, ते चहाचीसुद्धा लावत नाहीत. तरी अमरावतीतल्या या भटजींच्या पोथीच्या लाल फडक्यात एका घोडीची वंशावळ आहे.

बारा वर्षांपूर्वी ते पुण्याजवळच्या एका स्टड फार्मवर वास्तुशांतीला गेले. त्याच पहाटे तिथे एक शिंगरू जन्मलं. मॅनेजरने त्याच्या सतरा पिढ्या न अडखळता म्हणून दाखवल्या. काकांना स्वतःच्या पाचच येतात. वंशावळ उतरवून घेतली तेव्हाच ते तिथून हलले.

ती नीलांबरी. दोन वर्षांची असताना पहिली शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी दोन डर्ब्या. एकूण एकवीस शर्यती, चौदा विजय. बंगळुरूची हार चिखलाची होती, म्हणून काका ती धरत नाहीत. दुसऱ्या डर्बीच्या दिवशी राजापेठेतल्या एका सत्यनारायणाची आरती अकरा मिनिटं उशिरा झाली. भटजी मोबाइल घेऊन तुळशीमागे उभे होते. पाचव्या वर्षी तिच्या पायाची नस दुखावली आणि पळणं संपलं. आता तिला चार शिंगरं आहेत. काकांनी चौघांच्या पत्रिका मांडल्या आहेत.

काकांची मुलगी अवनी आणि मी एम.ए.ला एकत्र होतो. मी त्यांच्याकडे अवनीसाठी जायचे, थांबायचे घोडीसाठी.

मग अवनीने केयूरचं नाव काढलं. अकोल्याचा मुलगा, नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात इंजिनिअर. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"गोत्र?"

"काश्यप," अवनी म्हणाली.

"आपलंही काश्यप. विषय संपला."

तीन आठवडे घरात कुणी नीट बोललं नाही. अवनीने सांगून टाकलं, लग्न करीन तर केयूरशी, नाहीतर नाहीच. एका दुपारी मी सहज वंशावळ उलगडली. नीलांबरीच्या बापाचा आजा आणि आईचा आजा एकच घोडा होता.

"काका, ही तर सगोत्र!"

"माहीत आहे. बारा वर्षांपासून."

मी वंशावळ त्यांच्यापुढे धरली.

"तिला शर्यत जिंकायची होती," काका म्हणाले. "अवनीला संसार करायचा आहे."

"संसारात काय कमी पळावं लागते, बाबा?" अवनी म्हणाली.

अनुपमाकाकू आतून ओरडल्या, "सव्वीस वर्षं मी पळून राहिली! मले कोणी डर्बी देल्ली?"

 काका वंशावळीची घडी घालत राहिले. मग हळूच म्हणाले, "एक वाट आहे. मामाने दत्तक घ्यायची आणि त्यानेच कन्यादान करायचं. मुलीचं गोत्र मग मामाचं, भारद्वाज."

"आणि तुम्ही?" अवनीने विचारलं.

"मी भटजी. मंत्र म्हणीन."

तीस वर्षं काका दुसऱ्या बापांना कन्यादानात हात कसा धरायचा ते शिकवत आले. स्वतःची पाळी कधी येते याची वाट पाहत होते, हे काकूंनी मला नंतर सांगितलं.

लग्न अकोल्यात झालं. पाटावर योगेशमामा बसले, काका त्यांच्या शेजारी. मामांना काहीच जमेना.

"अरे, ओंजळ खाली धर! लेक देऊन राहिला, का प्रसाद घेऊन राहिला?" काका म्हणाले.

मांडव हसला. मग संकल्प आला. काकांचा आवाज खणखणीत. मुलीचं गोत्र आलं आणि ते म्हणाले, "काश्यप."

मागून काकू हळूच म्हणाल्या, "अवो, चुकलं."

काका थांबले. उपरण्याने चष्मा पुसला. संकल्प पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आणि या वेळी नीट भारद्वाज म्हणाले. मुलाकडच्यांना वाटलं, अमरावतीकडे संकल्प दोनदा म्हणतात. त्यांनी पुन्हा हात जोडले.