मामाच्या गोष्टीचा खरा शेवट

माझ्या मामासारखी गोष्ट सांगणारा माणूस जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत दुसरा नव्हता. भाचा आहे म्हणून हे म्हणत नाही. मळणी उरकली की पोशेऱ्याला त्याच्या अंगणात तीन-तीन पाड्यांची माणसं येऊन बसत. तो पितळी थाळीच्या मधोमध मेणाचा गोळा दाबायचा, त्यात एक सरळ काडी उभी रोवायचा आणि चिमटीत धरून वरून खाली बोटं ओढायचा. थाळी घुमायला लागायची. त्या घुमण्यावर तो कणसरीची, म्हणजे आमच्या धान्याच्या देवीची, गोष्ट लावायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. गोष्टी किती येत होत्या, त्याचा थांग आम्हांला कुणाला लागला नाही.

या मामाची एक गोष्ट मी बिघडवली आणि छापली. ती कशी बिघडवली ते लिहून ठेवतो.

गोष्ट अशी. सुरुवातीला साऱ्या माणसांची बोली एकच होती. एकानं हाक दिली की डोंगरापलीकडचा ओ द्यायचा. कामं झपाझप व्हायची, कणग्या भरायच्या. मग माणसं फुगली. म्हणाली, आपली कणगी मोठी की देवाची, ते वर जाऊन बघू. शेतात राखणीला बांधतात तसा त्यांनी माळा बांधला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. माळ्यावर माळा चढत आभाळाला लागला. पुढं देवानं काय केलं, हा गोष्टीचा शेवट. तोच मी बदलला.

तेव्हा मी जव्हारजवळच्या एका शाळेत नवा मास्तर होतो. स्नेहसंमेलनाला बाहेरचे साहेब येणार होते, त्यांच्यासमोर इथल्या गोष्टीचं नाटक बसवायचं माझ्याकडं आलं. रविवारी दुपारी मी वही घेऊन मामाच्या ओट्यावर जाऊन बसलो.

आमच्याकडं गोष्ट एकट्यानं सांगत नाहीत. समोरच्या एकानं दर ओळीला 'हां' म्हणत राहायचं. त्याला हुंकार म्हणतात. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. ऐकणारा मनानं उठून गेला, असं धरतात. मी खाली मान घालून भराभर लिहीत होतो. माळा आभाळाला टेकला आणि मामानं काडीवरची बोटं काढून घेतली.

"कोन ऐकतं?"

"मी लिहितोय ना, मामा."

"लिही. हुंकार कोन देल? वही?"

पलीकडं नागली, म्हणजे नाचणी, पाखडत बसलेली त्याची मुलगी, माझी मामेबहीण, फिसकन हसली.

"मला उद्या शाळेत द्यायचंय, मामा. सांग ना पुढं."

"तू ऐक, मंग सांगीन." त्यानं थाळी भिंतीला टेकवली आणि बैल सोडायला निघून गेला.

शेवट मला मिळाला नाही म्हणून मी तो मनानं जोडला, असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. मामाच्या मांडीला मांडी लावून ती गोष्ट मी कितीदा तरी ऐकली होती. शेवट मला तोंडपाठ होता. तो ठाऊक असताना मी दुसरा लिहिला.

मी लिहिलं, देवाला राग आला. त्यानं माळा पाडला. वरची शहाणी माणसं लांब देशावर, मऊ मातीत पडली, त्यांची बोली शुद्ध राहिली. खालची अडाणी माणसं इथल्या खडकावर तोंडावर आपटली. त्यांचे दात पडले. म्हणून डोंगरातली बोली फुटकी.

हे मला सुचलं कुठून, तेही सांगतो. अध्यापक विद्यालयात माझ्या बोलण्याला अख्खा वर्ग दोन वर्षं हसला होता. खोलीचं दार लावून मी 'ण' आणि 'ळ' घोटले होते. आता माझी मराठी कुणालाही खोट काढता येणार नाही अशी झाली होती आणि मला हसणाऱ्यांच्या बाजूला बसायचं होतं.

नाटकात मुलांनी दातांना कोळसा फासला आणि ती घरची बोली बोलत रंगमंचावर धडपडत आली. साहेब पोट धरून हसले. मामाला मीच बोलावलं होतं. धुतलेली टोपी घालून तो पहिल्या रांगेत होता. कार्यक्रम संपल्यावर म्हणाला, "पोरांनी कामं बेस केली." आणि एसटी डेपोकडं चालू लागला. त्यानंतर त्यानं माझ्यासमोर थाळी कधी लावली नाही. मीही लाव म्हटलं नाही.

पुढं शिक्षकांनी मिळून गोष्टींची एक पुस्तिका काढली. तिच्यात माझी गोष्ट आली, खाली माझं नाव. ती गावोगावच्या शाळांत गेली. मामा वारला तेव्हाही मी ती कुणाला मागं घ्यायला सांगितली नाही.

गेल्या दिवाळीनंतर एक तरुण शिक्षिका स्कूटीवरून माझ्या घरी आल्या. घरच्या बोलीतल्या गोष्टींचं लहान मुलांसाठी पुस्तक करत होत्या. हातात ती जुनी पुस्तिका होती, कडा खाल्लेली.

"सर, तुमची परवानगी हवी. ही गोष्ट घ्यायचीच आहे. मी मूळची वांगणीची. लहानपणी पाठ होती मला."

"आवडायची?" मी विचारलं. काय ऐकायचं होतं मला, कोण जाणे.

त्या हसल्या. "आवडायची कसली! जव्हारला वसतिगृहात मुली म्हणायच्या, ए वांगणी, दात दाखव. मी खरंच आरशात बघायचे. पण सर, छापलेल्या पुस्तकात आमच्याबद्दलची ही एकच गोष्ट होती. म्हणून वाटतं, असू दे."

हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. मी कपाटातून चप्पल काढली आणि म्हणालो, "बाई, पोशेऱ्याला चला. ज्यांची गोष्ट आहे त्यांची मुलगी आहे तिथं."

मामेबहीण अंगणात नागली वाळत घालत होती. सत्तरी उलटली तरी पाठीचा कणा ताठ. मला बघून उठली नाही.

"काय मास्तर, वाट चुकलास?"

"गोष्ट ऐकायला आलोय. माळ्याची."

"ती तं तुझ्या पुस्तकात हाय. त्यात माझ्या बापाचं दात पाडलंस तू. बापाचं दात शेवटापावत शाबूत. सुपारी फोडायचा दाढेखाली." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "तुझं किती उरलं?"

माझा एकही उरलेला नाही. मी कवळी लावतो. शिक्षिका खाली बघून हसू आवरत होत्या.

मी अंगणातच बसलो. शिक्षिकांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पुस्तकातला शेवट मामाचा नाही. माझा आहे. खरा ठाऊक असून मी तो बदलला. लोकांनी हसावं म्हणून."

शिक्षिकांचं हसू थांबलं. मामेबहीण हात झटकत उठली. मग घरात गेली आणि थाळी घेऊन आली. बाया थाळी लावत नाहीत, पण तिनं मेण दाबलं, काडी रोवली आणि मला म्हणाली, "वही नको. हुंकार दे."

थाळी घुमली. मी 'हां' म्हटलं, तशी कवळी खटकन वाजली. दुसऱ्या ओळीलाही वाजली. तिनं बोटं थांबवली.

"काढ ती. माझा सूर मोडते."

कवळी काढून मी खिशात घातली आणि बोळक्या तोंडानं हुंकार दिला. माळा पुन्हा आभाळाला टेकला. पुढचं तिच्याच शब्दांत लिहितो.

"देवाला राग नाय आला. देव हसला. कणसरीला म्हनला, हेर, बघ तुझी पोरं, पोट भरलं तं माजली." हां. "कणसरी सूप घेऊन उतरली. सुपात नागली, वरई, भात, उडीद, खुरासनी." हां. "एकेका घरच्या तोंडात एकेक दाना ठेवला. ज्याचा जो दाना, ती त्याची बोली." हां. "मानसं म्हनली, आये, समद्यांना एकच का नाय दिलास? कणसरी म्हनली, एकच बी पेराल तं एकाच किडीत समदं जाल. आनि एकच बोली ठेवली तं परत फुगाल. आता एकमेकाला मागून खा, एकमेकाला इचारून बोला." हां. "नागली म्हंजे बिघडलेला भात नाय. भात म्हंजे सुधारलेली नागली नाय."

इथं माझा हुंकार चुकला. तेव्हा मागून 'हां' आला. शिक्षिकांचा. रेकॉर्डिंग सुरू करून फोन त्यांनी केव्हाच मांडीवर ठेवून दिला होता.

परतताना त्या घराजवळच्या वळणावर स्कूटी थांबवून एवढंच म्हणाल्या, "सर, आमच्या घराला वरईचा दाणा मिळाला असणार."

पुस्तक आलं आहे. गोष्ट मामेबहिणीनं सांगितली तशीच, एक शब्द इकडचा तिकडं नाही. या लेखात मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, पण तिथं मामाचं नाव ठळक अक्षरांत आहे, त्याखाली तिचं. माझं घालू नका, असं मी बजावलं होतं. ते बाईंनी ऐकलं. मामेबहिणीनं मात्र हट्ट धरून तिसरी ओळ घालायला लावली: 'हुंकार – भाचा'.

माझं नाव छापून आलं तेव्हा मला एवढा अभिमान वाटला नव्हता. मामेबहीण म्हणते, शेवटाला हुंकार कमी पडला तुझा, तरी मी लिहायला सांगितलं.