नाड्याखालची जखम

"कमर दिखा!" मॅडम ओरडल्या. साडीच्या दुकानाच्या मालकीणबाई. समोर गादीवर चार गिऱ्हाइकं बसलेली.

माझ्या अंगावर दुकानातली गुलाबी पट्टू, म्हणजे रेशमी, साडी होती. तिच्यावर, कमरेजवळ, बोटभर ओला डाग. माझ्या जखमेचा. एक गिऱ्हाइकबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "छी! क्या बीमारी है इसको?"

मी कमर दाखवली. दाखवली ना! नोकरी जाईल म्हणून. बायका वाकून वाकून बघत होत्या. मॅडम म्हणाल्या, "नहाती नई क्या तू?"

मी रोज पहाटे आंघोळ करून गौलीगुड्यातल्या घरून बस पकडते. अस्सा संताप आला! पण मी खाली बसून डाग पुसायला लागले. त्याचीच लाज अजून वाटते.

दिलसुखनगरच्या त्या दुकानात साडी अंगावर नेसून दाखवायची. आपल्या साडीवरूनच. निऱ्या सुटू नयेत म्हणून परकराचा नाडा करकचून आवळायचा आणि दिवसभर साडीमागून साडी त्यातच खोचायची. सात वर्षं हेच. आधी काळा वळ पडला, मग खाज, मग सालपटं निघाली. आई म्हणाली, "अगं, बाईच्या कमरेला असतंच ते. हळद-खोबरेल लाव." मी हळद लावायची आणि परत तिथंच नाडा आवळायची. काय म्हणावं या अकलेला!

डाग पडल्यावर मॅडमनी मला घरी पाठवलं नाही. "पट्टी बांध, ऊपर से नाडा कस. कल शादीवाले आरे." लग्नाच्या बस्त्याची गिऱ्हाइकं चुकवायची नव्हती.

मी मॅडमना न सांगता दुपारीच सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासायला कातडीचा तुकडा घेतला. म्हणाल्या, "नाडा बंद. जुनी जखम कधी कधी कॅन्सरकडे वळते."

दुसऱ्या दिवशी सैल, इलॅस्टिकची सलवार घालून दुकानात गेले. म्हटलं, "मॅडम, साडी उलगडून दाखवीन. अंगावर नेसणार नाही."

"तो घर बैठ."

"नाही बसणार. बाकीच्यांच्या कमरा बघा आधी."

आम्ही सहा जणी तिथं कामाला. लक्ष्मीनं मान खाली घातली. दोन वर्षं ती खाजवतेय, मला माहीत होतं. तिला म्हटलं, "बोल की गं!" तिनं हात कमरेला नेला. नाडा सैल केला. तिथंच, सगळ्यांसमोर.

रिपोर्ट अजून यायचाय. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण रिपोर्टात काहीही येवो, मॅडम काहीही म्हणोत, उद्या दुकानात मी उभी राहणार, सलवारीतच. सहाही जणींचे नाडे सैल होईस्तोवर मी तिथून हलणार नाही.