वरच्या झिऱ्यापर्यंत

परभणीहून सकाळच्या पहिल्या एसटीत बसलो तेव्हा समताने खिडकी पकडली आणि सम्यकने माझी मांडी. समता आठ वर्षांची, सम्यक सहाचा. माझ्या भावाची मुले. "मे महिन्यात लेकरांना रानात नेतेस, डोकं ठिकाणावर आहे का?" वहिनीने विचारलेच होते. पण मला त्यांना त्यांच्या आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, ओढा दाखवायचा होता. वरच्या झिऱ्यापर्यंत (झिरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत उकरलेला पाण्याचा खड्डा) त्यांच्याच पायांनी न्यायचे होते. आईच्या लहानपणी वरचा झिरा गावाचा आणि खालचा, म्हशी डुंबत तिथला, आमच्या लोकांचा. आईने वरचे पाणी कधी चाखले नाही.

झरी गाव मागे पडले, बोरीला उतरलो. गरम भजी खाल्ली, ऑटोने आईच्या माहेरच्या शिवारापर्यंत गेलो आणि ओढ्यात उतरलो. ऊन वरच राहिले. दोन्ही काठांची करंजाची झाडे डोक्यावर एकमेकांत मिसळलेली, पायाखाली गार वाळू. मुलांनी चपला हातात घेतल्या.

अर्ध्या वाटेत सम्यक दगडावरून घसरला. त्याला लागले नाही, पण बाटली उलटली आणि पाणी संपले.

"आत्या, मला घे."

"आजी चालायची ना इथं?" समता म्हणाली. "मग चाल की."

तो चालला. रुसून, पण चालला.

वळणावर वरचा झिरा दिसला. शेजारी उंबराखाली एक म्हातारे शेळ्या घेऊन बसले होते. समता पाण्यावर वाकली.

"हात घालू नको गं त्यात," ते म्हणाले.

माझे डोके फिरले. वडिलांनी छापलेल्या चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालत मी मोठी झाले. शब्द तोंडात तयारच असतात. "मामा," मी म्हणाले (आईच्या गावचा माणूस, म्हणून मामा), "पाणी कुणाच्या मालकीचं नसतं. माझी आई याच गावच्या बौद्धवाड्यातली. ही तिची नातवंडं. ती इथंच पिणार."

"पिऊ द्या की. पण शिळं हाय ते. नळ आल्यापासून हितं कोण उपसायलंय? तसंच पेले तर लेकरं रातभर परसाकडं पळतील."

सम्यक फिसकन हसला. माझा आवाज जरा खाली आला, पण प्रश्न सुटला नव्हता. "माझ्या आईलाही शिळं आहे म्हणूनच सांगायचात का?"

"न्हाई," ते शेळ्यांकडे बघत म्हणाले. "तवा सरळ हाकलायचो. मी बी हाकललंय."

मी त्यांना माफ केले नाही. त्यांनी माफी मागितलीही नव्हती.

तोवर समताने काठावरची नरोटी (नारळाची करवंटी) उचलून उपसायला सुरुवात केली होती. सम्यक कुजकी पाने काढू लागला.

"लांब फेक, पोरी. न्हाईतर तेच परत आत झिरपतंय."

मी हात लावायला गेले, तर ती म्हणाली, "तू नको. मला येतंय."

खड्डा कोरडा झाला. मग तळाच्या वाळूतून पाणी फुटू लागले, आधी गढूळ, हळूहळू नितळ. समताने नरोटी भरली आणि घरच्या शिकवणीप्रमाणे मोठ्या माणसापुढे धरली.

म्हाताऱ्याने हात मागे घेतला. मी पुढे सरसावले.

"मला न्हाई आधी," ते म्हणाले. "जो उपसतो त्यानं पैलं प्यावं. ओढ्याची रीत हाय ही."

समता प्यायली. मग सम्यक, मग मी. शेवटी तीच नरोटी तोंडाला लावून ते प्यायले.

दशम्या खाऊन परत निघालो. उतारावर सम्यक माझ्यापुढे धावत होता, आणि त्या दोघांच्या चिखलाळ पावलांमागून चालताना माझा ऊर भरून आला होता. बरोबरी मागायची असते हे मी लहानपणापासून शिकले. त्या मुलांनी मागितले काहीच नव्हते. काम केले आणि पहिला घोट घेतला.

संध्याकाळी घरी आईने ऊन लागले का, पाय दुखले का, काही विचारले नाही. समताकडून सगळे तीनदा सांगून घेतले. तिसऱ्यांदा हळूच म्हणाली, "आणि तो म्हातारा तुझ्यानंतर प्यायला?"

"हो आजी. सम्यकच्या पण नंतर."